समुद्राच्या तळाखालचा खडा

कर्जत

कर्जतला लोक फार्महाउसवर मजा करायला जातात. मी गेलो तो पिशवीत एक दगड घेऊन, आणि ज्या घरी गेलो तिथे ओसरीवर दर्भाचा माणूस करून ठेवला होता. तेव्हा हिरवेगार डोंगर नि धबधबे वाचायला मिळतील म्हणून कोणी बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं. डोंगर होते. माझं लक्ष नव्हतं.

मी अकोल्याचा. समुद्रात तेलाच्या आणि गॅसच्या विहिरी खणतात, तिथल्या खडकांचं बघणं हा माझा धंदा. विहीर कुठे ढासळेल, खडक कुठे तडकेल, हे खणणाऱ्यांना आधी सांगायचं. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. तशाच एका विहिरीवर निलेश ड्रिलर होता. ड्रिलर म्हणजे जमिनीत शिरणारे पाइप वरखाली करणारा माणूस. एका पहाटे पाइप खाली अडकला. सोडवायला त्याने ओढला, ओढताना तो तुटला, आणि त्या उसळीत निलेश कठड्यावरून समुद्रात फेकला गेला. सापडला नाही. शोध थांबवल्याचं घरी कळवलं तेव्हा त्याच्या वडिलांचा मला फोन आला. माझा नंबर त्यांना निलेशच्याच एका दोस्ताने दिला होता.

"सायब, बॉडी तर नाय. पुतळा करून जाळायला लागेल. जीवखडा तरी तिकडचा आनाल का? तो जितं काम करीत होता तितला."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मयताला अग्नी देताना जो दगड घेतात, तो दहाव्यापर्यंत सांभाळायचा. तोवर मेलेला माणूस त्या दगडात असतो असं मानतात. दहाव्याला नातेवाईक त्याला तेल लावतात आणि तो पाण्यात सोडतात.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्या विहिरीच्या भिंतींचे ढासळलेले कपचे वर आले होते, त्यातले काही माझ्याकडे होते. तसेही ते तपासायला मला खालापूरजवळ कुंभिवलीला न्यायचेच होते. आणि मी निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून एका साहेबांचा फोन आला, की घरच्यांशी 'तांत्रिक काही' बोलू नका, चौकशी चालू आहे. त्यालाही मी हो म्हटलं.

स्टेशनवर प्रशांत मोटरसायकल घेऊन आला होता. माझा नंबर देणारा दोस्त तो हाच. निलेशच्याच गावचा, त्याच विहिरीवर काम करणारा, सध्या सुट्टीवर. दहावं झालं की त्याला परत जायचं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कर्जतहून फार लांब नाही, एवढं पुरे. भाताची कापणी झालेली, खळ्याखळ्यावर राशी लागलेल्या. आमच्या वऱ्हाडात दिवाळीनंतर शेतात पांढरा कापूस दिसतो, इथे सगळं पिवळं आणि धुळकट. प्रशांत मागे वळून वळून बोलत होता, आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"सर, घरी जाल तर जरा जपून. हापिसातून एक मानूस येऊन गेला. ओसरीवर बसून चा प्याला, आनि बोलला का निलेशनी नको इतकी ओढ दिली, म्हनून पाइप तुटला. सगल्यांच्या समोर बोलला."

"मग?"

"मग काय. आमाला दोघांना निलेशनीच लावलं ना तितं. मी वाचलो. गावातल्या दत्तूकाकांच्या पोराचा त्याच झटक्यात खुबा मोडला, पनवेलला दवाखान्यात पडलाय तो. दत्तूकाकांनी तात्यांच्या दारात पाय टाकायचा बंद केलाय. निलेशनी आमच्या पोराला अपंग केला बोलतात."

तात्या म्हणजे निलेशचे वडील. रसायनीच्या एका कारखान्यात पंपावर नोकरी करून निवृत्त झालेले, घरची भातशेती सांभाळणारे. सडपातळ माणूस, दाढी वाढलेली. माझ्या हातातून कपचा घेताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटभर जाड, तळहाताएवढा, करडा, एका बाजूने किंचित वाकलेला. मी तो तेलात भिजवलेल्या फडक्यातून काढला आणि पुसून दिला.

"हलका हाय," तात्या म्हणाले. "आमचा दगड काळा असतो. जड."

"हा समुद्राच्याही खाली, फार खोलातला आहे."

"म्हंजे पोरगा जितं खनत होता, तितलाच?"

"तिथलाच."

त्यांनी तो कपाळाला लावला. दर्भाचा माणूस नदीकाठी नेला, जाळला. ज्वाळा काय, गवतच ते, भुर्रकन उठली आणि संपली. तात्या बराच वेळ तिथे उभे राहिले. जाळायला काही उरलं नव्हतं तरी उभे राहिले.

परत आल्यावर शेजारच्या घरून जेवण आलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. सुतकाच्या घरी फोडणी द्यायची नाही, म्हणून शेजारी आणून देतात. तेवढं आमच्यासारखंच. मी भाकरीचा तुकडा नुसता चिवडत बसलो. तात्यांनी ते पाहिलं आणि प्रशांत हात धुवायला उठल्यावर हळूच विचारलं, "सायब, तुमी शिकलेली मानसं. चूक पोराचीच का?"

"चौकशी चालू आहे, तात्या."

त्यांनी मान हलवली. असलं बुळबुळीत उत्तर देताना लाज वाटायला हवी होती. वाटली, पण तोंड उघडलं नाही. दुसऱ्या सकाळी मी कुंभिवलीला निघालो.

कुंभिवली आणि मोहोपाडा

कुंभिवली हायवेवरचं गाव. टायरची दुकानं, ढाबे, गोदामं, आणि चोवीस तास ट्रकांचा धुरळा. इथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दगड दाबून बघायची प्रयोगशाळा आहे. मुख्य काम सिमेंटच्या ठोकळ्यांचं, पूलवाल्यांचं. आमच्यासारखे खोल विहिरींचे लोक अधूनमधून. प्रमुख कांबळेबाई. चाळिशीच्या, बोलायला फटकळ, राहायला मोहोपाड्याच्या कॉलनीत. नवरा कारखान्यात.

"तुमचा नंबर ठोकळ्यांनंतर," त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. "पूल आधी. पूल पडला तर लोक मला शोधत येतील. तुमची विहीर समुद्रात आहे."

झालं! मोहोपाड्याला एका लॉजवर पडून राहायचं आणि रोज टेंपोने कुंभिवलीला जाऊन हात हलवत परत यायचं. हवेला कारखान्यांचा वास. लॉजवाला म्हणे सवय होते. मला तर अंथरुणालाही तोच वास येत होता. ज्वारीची भाकर मागितली तर हॉटेलवाल्याने 'मिळेल' म्हणून तांदळाचीच आणून ठेवली. बाप्पा, मिळेल कशाला म्हणायचं मग? शेवटी कांबळेबाईंनी दया येऊन घरी जेवायला बोलावलं. जवळ्याची चटणी, भाकरी, वर कांदा. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेवताना त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. साहेबांनी घरच्यांशी बोलू नका म्हटलं होतं. कांबळेबाई घरच्या नव्हत्या.

खडक खोलवर असतो तेव्हा चहूबाजूंनी दाबलेला असतो. त्याला भोक पाडलं की जो भाग काढला त्याचा आधार गेला. आता तो आधार कोणी द्यायचा? म्हणून भोकात मड भरून ठेवतात. मड म्हणजे मुद्दाम जड केलेला पातळ चिखल. तो खडकाच्या जागी उभा राहतो आणि भिंती धरतो. हलका झाला तर भिंती आत येतात, फार जड झाला तर खडक तडकतो आणि मड त्या तड्यात पळून जातो. मधली जागा अरुंद असते. त्यात तिथला खडक म्हणजे शेल, चिखलाचा दाबून झालेला दगड. अशा ठिकाणी तेलात केलेला मड वापरायचा, पाण्यातला नाही, आणि चांगला जड ठेवायचा, असं मी खणण्याआधीच लेखी कळवलं होतं.

"आणि वापरला पाण्यातला," कांबळेबाई म्हणाल्या.

"पाण्यातला. आणि हलका. हलक्या मडने खणायला वेग मिळतो."

"म्हणजे भिंत ढासळली, कपचे पाइपभोवती जाम बसले. अडकलेला पाइप तो पोरगा ओढणार नाही तर काय करणार?" त्या उठून माझ्या ताटात भाकरी वाढायला लागल्या. "आणि हे तुम्ही त्याच्या बापाला सांगितलं नाहीत."

मी भाकरी नको म्हटलं. त्यांनी तरी वाढली.

आमचा नंबर लागला तो नेमका दहाव्याच्या आदल्या दिवशी. दाबून झालं, आकडे आले, मला वाटलं होतं तसेच. संध्याकाळी जाताना बाईंनी दोन काचेच्या बरण्या टेबलावर मांडल्या, एकीत डिझेल, दुसरीत पाणी, आणि दोन्हींत एकेक कपचा सोडला. सकाळी येऊन पाहतो तर डिझेलमधला कपचा होता तसा. पाण्यातला दिसेचना. तळाशी करडा गाळ बसलेला. मला याचं नवल नव्हतं, असं व्हायचंच. मी समाधानाने पिशवी आवरायला लागलो.

"तात्यांना दिलेला याच ढिगातला ना?" कांबळेबाई बरणीकडे बघतच होत्या.

"हो. आज दहावं आहे, दुपारी नदीवर. मी इथून तिकडेच चाललोय."

"मग त्याच्यावर पाणी घालतात ना रोज?"

"छे, फडक्यात बांधून झाडाला टांगला असेल. दहाव्याला खाली काढतात."

"कुठे?"

"आमच्याकडे."

"तुमच्याकडे!" त्या ओरडल्याच. "अहो, आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही. पण माझ्या मैत्रिणीचं माहेर कर्जतचं, तिचा भाऊ गेला तेव्हा मी रोज जात होते. रोज सकाळी त्या खड्यावर तीळ घालून पाणी सोडायचे. रोज!"

दगड त्या माणसाच्या हातात ठेवून, पाणी लावू नका एवढे तीन शब्द मी बोललो नव्हतो. आमच्या घरी जी रीत तीच जगाची, असं गृहीत धरून मोकळा झालो होतो. प्रशांतचा फोन लागेना. उरलेले तीन कपचे पिशवीत टाकले आणि कांबळेबाईंनी स्वतः स्कूटरवरून मला खोपोलीपर्यंत सोडलं.

नदीकाठ

मी पोचलो तेव्हा सगळे जमले होते. गुरुजी बसलेले, पिंड मांडलेले, तेलाची वाटी भरलेली. दत्तूकाका आले होते, पण लांब, बाभळीखाली, पाठ अर्धी वळवून. प्रशांतने मला तात्यांच्या मागे जागा करून दिली. तात्यांच्या मांडीशी एक पितळी वाडगा होता, पांढऱ्या फडक्याने झाकलेला.

"खडा घ्या," गुरुजी म्हणाले.

तात्या हलले नाहीत.

"तात्या, खडा घ्या. तेल लावायचंय."

तात्यांनी फडकं धरलं आणि सोडलं. गुरुजींनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाजूला बसलेल्या चुलतभावानेच ते ओढलं. वाडग्यात करडा चिखल होता आणि त्यात काळे तीळ.

कोणीतरी म्हणालं, "अरं, खडा कुटं हाय?"

"हाच," तात्या म्हणाले.

"दगड कदी इरघळतो का रं? चार-चार महिने पावसात पडतात आपले दगड!"

"दुसऱ्या दिवशीच फुटला," तात्या खाली बघून बोलत होते. "पानी सोडलं का तडतडायचा. मी कोनाला बोललो नाय. रोज पानी घालीत गेलो. वाटलं पोराला माझं पानी नको. का त्याच्या हातून काय झालं म्हनून खडा पन र्‍हात नाय." एवढं बोलून ते रडायला लागले. मोठ्याने, सगळ्यांसमोर. बाभळीखाली दत्तूकाकांनी मान फिरवली.

ऑफिसचा तो फोन मला आठवला, खोटं कशाला सांगू. आठवला आणि राग आला, साहेबाचा आणि त्याहून माझा. मी पुढे जाऊन खाली बसलो.

"तात्या, चूक माझी. याला पाणी चालत नाही हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. हा दगड असाच आहे. थांबा, दाखवतो."

गुरुजींकडून दोन द्रोण मागून घेतले. ते कुरकुरले, पण दिले. एकात तेल ओतलं, दुसऱ्यात नदीचं पाणी. पिशवीतला एक कपचा तेलात ठेवला, एक पाण्यात. पाण्यातला लगेच चरचरायला लागला. बुडबुडे आले, कड सुटली, मग पापुद्रे. माणसं जवळ आली. बोलता बोलता त्याचे चार तुकडे झाले. तेलातला जसाच्या तसा.

"भाताच्या राशीत हात खुपसा," मी म्हटलं. "हात आहे तोवर भोक आहे. हात काढला की भात आत येतो. विहिरीत हाताच्या जागी मड भरतात. तो जड हवा होता आणि तेलाचा हवा होता. तो हलका ठेवला आणि पाण्याचा ठेवला. भिंत अशी सुटली, हे आत्ता बघताय तशी, आणि पाइपभोवती आवळली. निलेशने ओढला नसता तर दुसऱ्या कोणाला ओढायला लागला असता. त्याची चूक नव्हती."

तात्यांनी द्रोणातला तुटलेला कपचा बोटाने ढवळला. तो बोटाखाली विरून गेला.

"हे तुमाला आदी ठाव होतं?"

"हो. मी तसं कळवलं होतं."

"मंग पानी वापरा म्हनून कोन बोललं?"

मी नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, तिथे सांगितलं, हुद्द्यासकट, आणि मला फोन करून गप्प राहायला सांगणारा माणूसही तोच, हेही सांगितलं. तात्यांनी ते नाव एकदा हळू आवाजात स्वतःशी म्हटलं.

मग त्यांनी वाडग्यातला चिखल दोन्ही हातांत घेतला, निथळवला, आणि दाबून दाबून त्याचा गोळा केला. गुरुजी 'असं शास्त्रात नाही' म्हणाले, पण दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. तात्यांनी गोळ्याला तेल लावलं. चुलतभावाने लावलं. प्रशांतने लावलं. आणि मग बाभळीखालून दत्तूकाका आले, चपला काढल्या, वाटीत बोट बुडवलं आणि त्या गोळ्यावरून फिरवलं. फिरवतच राहिले. तात्या त्यांच्याकडे बघत होते.

कावळा मधल्या मधे कधी शिवून गेला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पिंड विस्कटलेला दिसला तेव्हा कळलं.

गोळा पाण्यात सोडून वर येताना तात्यांनी प्रशांतचा दंड धरला. "परशा, तू आता तितं जायाचं नाय. मी सांगतो. नाय म्हंजे नाय."

"नाय जात, तात्या."

परत कर्जत

त्या रात्री तात्यांनी मला जाऊ दिलं नाही. दहावं झालं तरी तेरावं व्हायचं होतं, तेव्हा जेवण शेजारूनच आलं, पण तात्यांनी माझ्यासमोर बसून दोन घास खाल्ले. झोपताना म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मला कुठे तोंड लपवू असं झालं. हेच मी पहिल्या दिवशी सांगू शकलो असतो.

सकाळी कर्जत स्टेशनवर आलो. वडा घेतला, इथला वडा सगळे वाखाणतात, मला त्याची चव लागली नाही. ऑफिसमधून दोनदा फोन येऊन गेला होता. नदीकाठच्या गर्दीतून कोणीतरी कळवलं असणार. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. यापुढे तुमची गरज नाही, एवढंच होतं. बरं म्हटलं आणि ठेवला.

मान वर केली तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला प्रशांत. पाठीला बॅग.

मला बघून तो दचकला, मग जवळ आला. "तात्यांना सांगू नका, सर."

"अरे, तू कबूल केलंस ना त्यांना? कालच!"

"मी नाय गेलो तर माझ्या जागी कोनतरी नवीन जाईल. त्याला तर काहीच ठाव नसनार. मला निदान खडा इरघळतो येवढं ठाव हाय." त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला. "आता तरी तेलाचा मड चालू केला असेल ना, सर? येवढं झाल्यावर?"

मला चौकशी करायची गरज नव्हती. आदल्या आठवड्यातच विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तोच आहे. पाण्यातला."

त्याने मान डोलावली. भाव विचारल्यावर दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकावा, तशी.

"एक खडा उरलाय ना तुमच्याकडं? मला द्या."

"कशाला?"

"द्या तर."

मी दिला. नळावर जाऊन त्याने रिकामी बाटली भरून आणली, कपचा तोडून आत टाकला, झाकण लावलं, आणि बाटली डोळ्यांसमोर धरून उभा राहिला. आतून बारीक तडतड ऐकू येत होती. मी परत जा म्हणालो, ओरडलो, हातही धरला. तो नुसता 'हां सर, हां सर' करत राहिला.

"तितल्या सायबाच्या टेबलावर ठेवनार," तो म्हणाला. "बोलनार काय नाय. नुसती ठेवनार."

गाडी आली तोपर्यंत पाणी पार गढूळ झालं होतं. बाटली फडक्यात गुंडाळून त्याने बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली आणि माझ्या आधी चढला.